खाली बसलेली वार

त्या साली चैत्राच्या तोंडाला महाळुंग्याच्या शिवारातला कांदा एकदमच काढणीला आला. पात आडवी पडली, माना पिवळ्या झाल्या आणि ज्याला त्याला माणसं हवी झाली. माणसं कुठली मिळायला? तरणी पोरं पिंपरी-चिंचवडच्या कंपन्यांत गेलेली. उरलेली फाट्यावर एसटीची वाट बघत उभी. मग बायकांनी सावड घातली. आज सगळ्याजणी मिळून हिच्या रानात, उद्या तिच्या. मजुरी कुणी कुणाला द्यायची नाही, हातानं हात फेडायचा.

सोजरबाईचा तुकडा माळाच्या कडेला होता. हलकं रान, पाणी तुटलं की पीक लगेच मान टाकायचं. म्हणून सावड आधी तिच्याकडं लागली. बायकांनी दोन दिवसांत कांदा उपटला, विळ्यानं पात कापली, गवताच्या सावलीत कांद्याची रास रचून आरण लावून दिली. आता सोजरबाईच्या घरातल्या दोन बायकांनी बाकीच्यांच्या रानात राबून ते फेडायचं होतं. एक ती स्वतः आणि दुसरी तिची सून कस्तुरा.

कस्तुराला सातवा सरत आला होता. पण काटणीचं काम बसून करायचं. पोत्यावर बसायचं, कांदा उचलायचा, पात कापायची, ढिगावर टाकायचा. पोटुशी बाई काटणीला बसली म्हणून गावात कुणाला कधी काही वाटलं नव्हतं.

फेडीच्या पहिल्याच दिवशी, शेजारच्या रानात, दुपारच्याला कस्तुरा पाणी प्यायला उठली. तिच्या खालचं पोतं लाल झालं होतं. तिला स्वतःला पत्ताच नव्हता. शेजारणीनं विळा थांबवला आणि सोजरबाईकडं बघितलं.

"कस्तुरे, बस खाली," सोजरबाई म्हणाली. "दुखतंय का?"

"न्हाई, आत्या."

"कंबर? वटीपोट?"

"काय सुदीक न्हाई. मला वाटलं घाम हाय."

सोजरबाईनं तिच्याभोवती आपला पदर धरला आणि तिला हळूहळू घरी आणली.

सोजरबाई गावची सुईण होती. गावातली निम्मी पोरं तिच्या हातावर जगात आलेली. बुद्धवाड्यातल्या बाईला गावातली घरं उंबऱ्याच्या आत घेत नव्हती, तेव्हाही बाळंतिणीच्या खोलीत मागच्या दारानं घ्यायचीच. बाळाला पहिला हात तिचा लागायचा आणि घरातल्या तांब्याला मात्र तिचा हात चालायचा नाही. तिच्या लेकाला, भीमराजला, हे मुळीच खपायचं नाही. "आये, सोड ते," असं तो दर खेपेला म्हणायचा. "बाई अडल्यावर मी काय तिच्या सासऱ्याचं तोंड बघत बसू?" असं म्हणून ती निघायची.

घरी आल्यावर तिनं कस्तुराला बाजेवर निजवलं आणि पोटावर हात फिरवला. पोर आडवं होतं. डोकं एका कुशीला, वर तरंगतंय, खाली उतरायचं नाव नाही. दोन बोटं टेकवली की पाण्यातल्या दुधीसारखं बाजूला सरकायचं. रक्त थांबत आलं होतं. कस्तुराची चार वर्षांची पोरगी बाजेचं कडेचं गातं धरून उभी होती. तिलाही सोजरबाईनंच सोडवली होती, ह्याच बाजेवर.

दुखून रक्त जातं ते सोजरबाईला ठाऊक होतं. न दुखता जातं, ते कशानं? आत बघितल्याबिगर कळायचं नाही. तिनं वाटीत तेल काढलं, हाताला लावलं, कोपरापर्यंत बांगड्या मागं सारल्या. तेवढ्यात पहिली पाळी सुटून आलेला भीमराज दारात येऊन उभा राहिला. रस्त्यात त्याला कुणीतरी सांगितलंच होतं.

"आये, थांब."

"का रं?"

"हात घालू नगंस. दवाखान्यात नेतो. कंपनीचं विम्याचं कार्ड हाय, ते काय खुंटीला लावायला?"

"सगळ्या गावाच्या बायका माझ्याकडं येतात, आन् माझीच सून तू दवाखान्यात नेणार?"

"व्हय."

सोजरबाईच्या बोटांवरून तेल मनगटाकडं ओघळायला लागलं. तिनं ते आपल्या पिंढऱ्यांना पुसलं आणि बाजेपासून उठली.

कंपनीच्या विम्याच्या दवाखान्यात गर्दी होती. बाकड्यावर जागा नव्हती म्हणून कस्तुरा भिंतीला टेकून खाली बसली. नंबर आल्यावर आत एक वयस्क डॉक्टरीणबाई होत्या आणि बिल्किस नावाची सिस्टर होती, खडकीकडची, हडकुळी, भरभर चालणारी. डॉक्टरीणबाईंनी पोट चाचपलं, लाकडी नळी लावून पोराचं काळीज ऐकलं, रक्ताचं कापड मागून घेऊन बघितलं. आतून तपासलं नाही. हातमोजासुद्धा घातला नाही.

सोजरबाईच्या मनात आलं, ह्या कसल्या डॉक्टर? वरून ढोल वाजवल्यासारखं बघून काय कळणार?

"बाई, हात घालून बघा की," ती म्हणाली. "मी बघणार हुते. ह्यानं बघू दिलं न्हाई."

डॉक्टरीणबाईंनी मान वर केली. "तुम्ही कोण?"

"सासू. आन् गावची सुईण हाय."

"बरं झालं त्यानं बघू दिलं नाही," बाई म्हणाल्या. रागावून म्हणाल्या नाहीत. कुणीतरी दार लोटून घ्या म्हणावं तसं म्हणाल्या. पण बाहेरच्या रांगेतल्या दोघीतिघींनी ते ऐकलं आणि सोजरबाईला वाटलं, आपल्या अंगावरचं लुगडंच कुणी ओढलं.

पुण्यात एका डॉक्टरांकडं नुकतंच एक यंत्र आलं होतं. त्याच्यावर पोटातलं चित्र दिसतं म्हणे. आवाजाच्या लाटा आत जातात आणि फिरून येतात. बाईंनी तिकडं चिठ्ठी दिली. दुसऱ्या दिवशी भीमराजनं सुट्टी टाकली. तिथं कस्तुराला पेल्यावर पेले पाणी प्यायला लावलं आणि लघवीला जाऊ नको म्हणून सांगितलं. ती बाकड्यावर ओठ दाबून बसून राहिली.

"आत्या, पोटातलं ऱ्हाऊ द्या, माझी लघवीची पिशवीच फुटंल आता."

"धर गं. पुण्याचं पाणी हाय, बाहेर सांडायचं न्हाई," सोजरबाई म्हणाली, आणि दोघी त्या दिवसात पहिल्यांदा हसल्या.

आत अंधारी खोली होती. डॉक्टरांनी कस्तुराच्या पोटाला तेल लावलं. तेल बघून सोजरबाईला जरा बरं वाटलं. मग त्यांनी एक ठोकळा पोटावरून फिरवायला सुरुवात केली. यंत्राच्या काचेवर पाण्यात चुना कालवल्यासारखं काहीतरी हलायला लागलं.

"हे डोकं," डॉक्टर म्हणाले. "आडवं आहे. हे हृदय, बघा."

काचेवर एक ठिणगी उघडझाप करत होती. सोजरबाई पुढं झाली. इतकी पोरं सोडवली, पण आतलं काळीज तिनं कधी बघितलं नव्हतं. ते असं चुलीतल्या निखाऱ्यागत फुलतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"आणि ही वार. ही सगळी पांढरट दिसते ती. इथं गर्भपिशवीचं तोंड आहे. वार बरोबर तोंडावर बसलीय. पूर्ण झाकलंय."

सोजरबाईला तोंड दिसलं नाही आणि वारही दिसली नाही. नुसता चुना दिसला.

परत दवाखान्यात आल्यावर बिल्किस सिस्टरनं तिला कोपऱ्यात घेतलं. "मावशी, तुम्ही सुईण आहात, तुम्हाला कळेल. वार कुठं असते?"

"वर. पोर येतं, मागनं वार येती."

"हिची खाली आहे, तोंडाशी. आठव्या-नवव्यात तोंड जरा जरी उघडायला लागलं की वार सुटते आणि रक्त जातं. दुखत नाही, नुसतं जातं. कळा सुरू झाल्या तर नळ सोडल्यासारखं जातं. आणि कुणी आत बोट घातलं तर बोट थेट वारेत जाणार. मग आई राहत नाही, पोर राहत नाही."

"मग पोर यायचं कुठनं?"

"पोट उघडून. पण आत्ता नाही, अजून फार लहान आहे ते. जमेल तितकं पोटात वाढू द्यायचं. तोवर हिनं इथं पडून राहायचं, पायाकडची बाजू उंच करून. उठायचं नाही, वाकायचं नाही. आणि रक्त लागेल. माणसं तयार ठेवा."

"आसं किती पडायचं?"

"नववा भरत येईपर्यंत."

सोजरबाईनं मनात सावड मोजली.

"मावशी, नीट ऐका. कुणालाच हात लावू देऊ नका आतून. तुम्हीही नाही. तुमचा हात सवयीनं पुढं जाईल, म्हणून तुम्हाला वेगळं सांगते."

कस्तुराला खाट मिळाली. खाटेच्या पायथ्याखाली दोन-दोन विटा सरकवल्या. तिचं डोकं खाली आणि पाय वर. छताकडं बघत ती म्हणाली, "आत्या, मला काय झालंया? काय दुखत तर न्हाई."

"पड गं बाई," सोजरबाई म्हणाली.

भीमराजनं रक्त दिलं. कंपनीतल्या त्याच्या जोडीदारांनीही दिलं. एकजण म्हणाला, "भावा, वहिनीला आमचं रक्त गेलं, आता ती बी आमच्यासारखी ओव्हरटाइम मागंल." भीमराज हसला नाही.

गावात सोजरबाई एकटी सावडीला जाऊ लागली. पहाटे उठून भाकरी बडवायच्या, पोरीला बरोबर घ्यायचं, रानात जायचं. दिवसभर उकिडवं बसून गुडघे धरायचे, उठताना हात जमिनीला टेकून उठावं लागायचं. विळ्याच्या मुठीनं तळव्याला फोड आला, फुटला, त्यात कांद्याचं पाणी गेलं. डोळ्यातून सारखी धार. उन्हाची झळ माळावरून यायची आणि कापलेल्या पातीचा वास नाकात बसायचा, तो रात्री निजल्यावरही जायचा नाही. एकटीनं दोघींचं काम उरकावं म्हणून ती दुपारची भाकरी खाऊन पडायची नाही. तरी ढीग दोघींचा व्हायचा नाही.

बाकीची रानं संपवून सावड अंबुबाईच्या रानात आली. अंबुबाई मोठ्या बागायतीची मालकीण, विहीर तिची, इंजिन तिचं. उभं अंग, आवाज माळावर जाईल असा. तिची लेक बाळंतपणाला माहेरी आली होती, नऊ महिने भरलेली.

"सोजरे, तुझ्या एका रानाला आमी किती जणी हुतो?" अंबुबाईनं बांधावरून विचारलं.

"सगळ्या हुता की."

"मग तुझ्या घरातली एकच कशी? माझा कांदा काय अर्ध्या मानंचा हाय?"

"सून दवाखान्यात हाय. ठावं हाय तुमास्नी."

"ठावं हाय. रक्त बंद झालंय, दुखत काय न्हाई, आन् खाटंवर पाय वर करून निजलीया. आमी पोटुशी असताना विहिरीवरनं पाणी वढलं." बायका खाली बघून पात कापत होत्या. एकीला हसू आलं. "आन् सुईणीच्याच सुनंला दवाखाना. आता माझ्या लेकीला तुझा हात लावू द्यायचा का न्हाई, ते मला इचार करायला पायजे."

सोजरबाई पात कापत राहिली. विळा एकदा बोटावरून निसटला. रक्त आलं ते तिनं मातीत पुसलं. त्या दिवसानंतर अंबुबाईची लेक तिच्याशी बोलायची बंद झाली. आणखी एका घरानं चाकणच्या दवाखान्यात नाव घातलं, असं कानावर आलं.

रविवारी ती पोरीला घेऊन कस्तुराला भेटायला गेली. भीमराजला रविवारचाही ओव्हरटाइम लागला होता. कस्तुराच्या अंगावर गोरेपणा आला होता, खाटेवर पडून पडून आलेला. पोरगी खाटेवर चढायला बघत होती, सिस्टर चढू देत नव्हती. पोरगी रडायला लागली.

"सावड कुठवर आली?" कस्तुरानं विचारलं.

सोजरबाईला सांगायचं नव्हतं. पण ती थकली होती. थकलेल्या माणसाच्या तोंडून निघतं तसं तिच्या तोंडून निघालं. अंबुबाई काय म्हणाली ते, बायका हसल्या ते, गुडघ्याचं, पोरगी रात्री आई आई करते ते. सांगून झाल्यावर तिला वाटलं, सांगायला नको होतं. पण ते आता कस्तुराच्या उशाशी पडलं होतं.

कस्तुरानं पोरीचा हात धरून तिला जवळ ओढलं. मग म्हणाली, "आत्या, मला इथं येऊन काय एक थेंब गेला न्हाई. काटणी बसून करायची हाय. इथं पडून काय, तिथं बसून काय?"

"सिस्टर न्हाई म्हणती."

"सिस्टरला सावड फेडायची हाय का?"

बिल्किस सिस्टर आधी समजावत राहिली, मग रागावली, मग डॉक्टरीणबाईंना बोलावून आणली. बाईंनी सगळं पुन्हा सांगितलं. कस्तुरा मान खाली घालून ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "माझं घर हाय, बाई." जबाबदारी आपली म्हणून तिनं कागदावर सही केली. चौथी शिकलेली होती, सही येत होती. सोजरबाई शेजारी उभी होती. तिनं नको म्हणायचं होतं. तिनं पोरीला कडेवर घेतलं.

"रक्त दिसलं की इकडं यायचं. थांबायचं नाही," दारापर्यंत येऊन बिल्किस सिस्टर म्हणाली. "आणि मावशी, तुम्हाला सांगितलंय."

घरी आल्यावर सोजरबाईनं बाजेच्या पायथ्याखाली विटा घातल्या. पाळी सुटून भीमराज आला आणि बायकोला बाजेवर बघून उंबऱ्यातच थांबला.

"कुणी आणलं हिला?"

सोजरबाई चुलीत फुंकर घालत राहिली.

"आये?"

"मीच आले," कस्तुरा म्हणाली. "उगं आरडू नगा, पोर निजलंय."

त्यानं जेवायचं ताट सरकवून दिलं. उद्या पाळी बदलून मागतो आणि तुला परत नेऊन घालतो, असं म्हणाला. सकाळी तो कंपनीत गेला आणि सोजरबाई भाकरी बांधत होती तेवढ्यात कस्तुरा पदर खोचून दारात उभी राहिली.

"एकच दिवस. अंबुबाईच्या तोंडावर दोन बाया दिसल्या म्हंजी झालं. मग निजते जलमभर."

सोजरबाईनं तिच्याकडं बघितलं. चेहरा निवळ होता, पाय सुजलेले नव्हते, चालणं साधं होतं. जे दुखत नव्हतं ते कशाला धरून अडवायचं, हे तिला सुचेना.

रानात अंबुबाईनं दोघींना बघितलं आणि कस्तुराला बांधावरच्या बाभळीची सावली दिली. एवढं तिनं केलं. पलीकडं लालमहंमदची मॅटॅडोर उभी होती. तो चाकणच्या बाजारात कांदा वाहायचा. हमाल गोण्या भरत होते. कस्तुरा पोत्यावर बसली, विळा हातात धरला आणि भराभर पात कापायला लागली. दिवस वर येईपर्यंत तिचा ढीग बाकीच्यांच्या बरोबरीनं झाला. बायकांनी तिची थट्टाही केली. "दवाखान्यातलं खाऊन हात चालाया लागला बया."

मग ती एका बाजूला कलली. विळा हातातून सुटला.

"आत्या."

सोजरबाई उठून येईस्तोवर पोतं भिजलं होतं. ह्या खेपेला ते थांबत नव्हतं. जमीन पीत होती आणि तरीही वर राहत होतं. बायका धावल्या, लुगड्यांचे पदर धरून आडोसा केला. कस्तुराच्या पोटाला कळ आली, तिनं दात दाबले.

"आत्या, पोर येतंय. तुमीच काढा. हात घाला तुमी."

"सोजरे, बघ की," अंबुबाई म्हणाली. तिचा आवाज खाली आला होता. "तुझ्या हातात गुण हाय. काढ पोर, सुटंल बाई."

कुणीतरी भाकरीच्या फडक्यातली तेलाची बाटली उघडून सोजरबाईच्या तळव्यावर तेल ओतलं. तिनं मागितलं नव्हतं. हात आपोआपच पुढं झाला होता. बोटं जुळली होती, अंगठा आत दुमडला होता, आजवर शेकडो बायकांजवळ झाला तसा. तिला कळलं की आपला हात निघालाय आणि आपण त्याला पाठवला नाही.

पुण्याच्या काचेवरचा चुना तिला आठवला. त्यात तोंड कुठं होतं आणि वार कुठं होती, तिला अजूनही ठाऊक नव्हतं. आतलं पहिल्यांदाच तिला काही ठाऊक नव्हतं.

तिनं दोन्ही हात काखेत घातले आणि दाबून धरले.

"न्हाई," ती म्हणाली.

"आत्या, मी मरते."

"कुणीबी हात लावायचा न्हाई आतनं. तिला डाव्या कुशीवर घ्या. पाय गोणीवर, वर. आजून वर. लालमहंमद!"

लालमहंमद आधीच गाडीजवळून बघत होता. "बोला, मावशी."

"गाडी रिकामी कर."

गाडीत अंबुबाईचा कांदा होता. निम्मी भरलेली, गोण्या बांधून रचलेल्या. हमाल अंबुबाईकडं बघायला लागले. अंबुबाई चालत गाडीपाशी गेली, फळी पाडली आणि पहिली गोणी स्वतःच ओढून खाली टाकली. गोणी फुटली, कांदे बांधावरून घरंगळत गेले. मग हमाल लागले.

खाली चार गोण्या राहू दिल्या, त्यांच्यावर कस्तुराचे पाय ठेवले. सोजरबाई तिच्या डोक्याशी बसली. दोन बायका दोन्ही अंगांना. पोरीला अंबुबाईनं कडेवर घेतलं. गावातला एकजण सायकल मारत चाकणच्या टपाल कचेरीतून भीमराजच्या कंपनीत फोन लावायला गेला.

चाकणवरून मोशी, मोशीवरून भोसरी. रस्त्याला खड्डे, नदीच्या पुलावर एसटी बंद पडलेली, भोसरीच्या पुढं कंपन्यांच्या पाळीच्या बसगाड्यांची रांग. लालमहंमद भोंगा दाबूनच गाडी चालवत होता. कस्तुराचे ओठ पांढरे होत गेले. ती एकदा म्हणाली, "सावड झाली का?" दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा शब्द नीट लागले नाहीत. सोजरबाई तिच्या गालाला हात लावून बोलत राहिली, काय बोलली ते तिलाही ठाऊक नाही. तेलानं माखलेले हात होते. कस्तुराच्या गालाला तेल लागलं, त्यावर कांद्याची फोलपटं चिकटली.

दवाखान्याच्या दारात बिल्किस सिस्टरनं फळीवर चढून आत बघितलं.

"आतून कुणी तपासलं?"

"न्हाई."

"नक्की, मावशी? घाबरू नका, मला कळलं पाहिजे."

सोजरबाईनं दोन्ही हात पुढं करून दाखवले. तेल होतं, माती होती, रक्त नव्हतं. सिस्टरनं हातांकडं बघितलं, मान हलवली आणि स्ट्रेचर ओढायला सांगितलं.

मग ऑपरेशनच्या खोलीचं दार लागलं. रक्ताच्या बाटल्या पळत आत गेल्या. आणखी लागेल म्हणाले, तेव्हा लालमहंमदनं बाही वर केली. "माझं बघा. बसत असलं तर घ्या, नसलं बसत तर गाडी घेऊन कुणाला बी आणतो." ते बसलं. तो रक्त देऊन आला, चहा प्याला आणि भिंतीशी बसून राहिला. बाजार हुकला होता. त्यानं त्याचं नावही काढलं नाही.

भीमराज आला तो कंपनीच्या कपड्यांतच, हातावर ग्रीसचे डाग. तो आईजवळ आला पण बसला नाही. दाराकडं तोंड करून उभा राहिला.

"मी तिला आडवलं न्हाई," सोजरबाई म्हणाली.

"आये, आता नको."



उन्हं उतरायला लागली तेव्हा आतून पोराचा आवाज आला. बारीक, मांजरानं हाक मारावी तसा. बिल्किस सिस्टर दार अर्धवट उघडून म्हणाली, "मुलगी आहे. वजन कमी आहे, उबेच्या पेटीत ठेवतोय. श्वास घेतेय."

"आन् ती?" भीमराजनं विचारलं.

"टाके घालतायत. रक्त थांबलंय. पिशवी काढावी लागेल असं वाटत होतं बाईंना, पण वाचली. अजून बाटली चालू आहे."

भीमराज खाली बसला. त्यानं डोकं गुडघ्यात घातलं.

सोजरबाई उठून सिस्टरच्या मागं गेली. "सिस्टर, वार कुठाय?"

"कशाला हवी?"

"बघायची हाय."

"बाईंनी बघितलीय, मावशी. सगळं नीट आलंय."

"आसंल. मला बघायची हाय."

सिस्टरनं दार लोटून घेतलं. मग तिला धुण्याच्या खोलीत घेऊन गेली. पांढऱ्या पत्र्याच्या तबकात वार होती. सोजरबाई खाली उकिडवी बसली. तिनं वार दोन्ही हातांनी उलथली, पसरली, हळूहळू फिरवली. आजवर तिनं बघितलेली वार गोल असायची, ज्वारीच्या भाकरीएवढी, नाळ मधोमध. ही लांबट होती, पातळ, एका अंगाला पसरलेली. नाळ मध्यात नव्हती, कडेला लागली होती, आणि तिच्या शिरा उघड्याच पडद्यावरून धावत होत्या. एका बाजूला काळपट जुनं रक्त थिजून बसलं होतं. तिथंच ताजी फाटही होती. हेच ते तोंडावर बसलेलं अंग.

तिनं त्या जागी बोट ठेवलं. दाबलं नाही, नुसतं ठेवलं. बोट पिकल्या सीताफळात जावं तसं आत गेलं. तिनं ते लगेच बाहेर काढलं आणि बोटाकडं बघत राहिली.

मग तिनं आपलं नेहमीचं काम केलं. फाटलेल्या कडा एकमेकींना जुळवल्या, पडदा कुठं कमी आहे का ते बघितलं, मागची बाजू तुकड्या-तुकड्यानं चाचपली. सिस्टर नळाशी उभी राहून बघत होती.

"सगळी हाय," सोजरबाई म्हणाली. "आत काय ऱ्हायलं न्हाई."

"हो," सिस्टर म्हणाली. "या, हात धुवा."

सिस्टरनं नळ सोडला, साबण दिला. सोजरबाईनं कोपरापर्यंत हात धुतले, बांगड्यांच्या खालून धुतले, नखांत साचलेली माती काढली. फुटलेल्या फोडाला साबण लागला तसा तिनं हात झटकला आणि पुन्हा पाण्याखाली धरला. सिस्टरनं तिला पुसायला कापड दिलं.

बाहेर आल्यावर ती भिंतीशी टेकली आणि हळूहळू खाली बसत गेली. पाय लांब केले. सकाळपासून तिनं पाणीही घेतलं नव्हतं. लालमहंमदनं पेला पुढं केला, तो तिनं एका दमात रिता केला आणि तिथंच तिचा डोळा लागला.

"आये," भीमराज तिच्या खांद्याला हात लावून म्हणाला. "शुद्धीवर येतीया ती. सिस्टर बोलावती. तुला इचारतीया."

सोजरबाईनं डोळे उघडले. उठायला बघितलं, गुडघे धरलेले, उठवेना. भीमराजनं हात पुढं केला.

"उठते," ती म्हणाली. "जरा दम धर."